सूनबाई कामावर, बाळ घरी : दुधाचा पंप घ्यावा का, आणि घेतला तर कोणता?

म्हैस घ्यायची असली तर आपण चार बाजार हिंडतो. दात बघतो, कास बघतो, दोन वेळची धार काढून दाखवा म्हणतो. विहिरीवर मोटर बसवायची तर पाणी किती खोल, पाइप किती इंची, किती हॉर्सपॉवर लागेल, हे दहा जणांना विचारतो. पण घरात सून किंवा लेक बाळंत झाली, तिचे दूध काढून ठेवायची वेळ आली आणि कुणी 'पंप आणा' म्हटले, की घरातला माणूस मेडिकलमध्ये जातो, मान खाली घालून 'तो बाळंतिणीचा पंप द्या' म्हणतो आणि दुकानदार देईल तो कागदात गुंडाळून घरी आणतो. चार दिवसांत तो पंप फडताळात जाऊन पडतो. एक तर बाईला दुखते, नाहीतर दूधच येत नाही. मग घरची मंडळी 'हिला दूधच नाही' असा निकाल देतात आणि पावडरचा डबा घरात येतो. बहुतेक वेळा दूध असते. पंप चुकीचा असतो, वापरायची रीत चुकीची असते, किंवा पंपाची गरजच नसते.

हा विषय बायकांचा म्हणून पान उलटू नका. पंपाचे पैसे घरातला कर्ता देतो, बाईला कामावरून दहा मिनिटे सोडायचे की नाही हे मुकादम किंवा मालक ठरवतो, आणि गावात बसायला आडोसा करायचा की नाही हे ग्रामपंचायत ठरवते. म्हणून हा लेख तुमच्यासाठीच आहे.

पंप कुणाला लागतो?

बाळ आईजवळ आहे, चांगले ओढते आहे, पहिल्या आठवड्यानंतर दिवसातून सहा-सात वेळा तरी लघवी करते आहे आणि वजन वाढते आहे, अशा घरात पंपाचे काही काम नाही. जन्मल्यापासून तासाभरात अंगावर घ्यावे, सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे, वरचे पाणी, मध, गुटी काही देऊ नये, आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे व त्यानंतरही अंगावर पाजावे, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आता बहुतेकांना ठाऊक आहे. हे सरळ चालले असेल तर मध्ये यंत्र आणू नका.

दूध काढण्याची गरज पडते ती साधारण चार प्रसंगी. पहिला, बाळ दिवस भरायच्या आत जन्मले किंवा वजनाने कमी भरले आणि जिल्हा रुग्णालयात काचेत ठेवले आहे. दुसरा, आई कामावर जाते आणि काही तास बाळापासून लांब असते. शिक्षिका, नर्स, पोलीस, कारखान्यातली कामगार, रोजंदारीवरची मजूर या सगळ्या त्यात आल्या. तिसरा, बाळाला ओढताच येत नाही; टाळू फाटलेली असते किंवा आईची स्तनाग्रे आत गेलेली असतात. चौथा, दूध साठून छाती दगडासारखी गच्च होते आणि बाळाला तोंडात धरता येत नाही. या चारही प्रसंगांना एकच पंप चालत नाही. कुणाला नुसता हात पुरतो, कुणाला हाताचा पंप, कुणाला विजेचा. म्हणून दुकानात जाण्याआधी आपला प्रसंग कोणता, हे ठरवा.

पान्ह्याचा हिशेब

तुलना वावगी वाटून घेऊ नका, पण दूध कसे उतरते हे गोठ्यात वाढलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. वासरू लावल्याशिवाय गाय पान्हावत नाही. नवा माणूस धार काढायला बसला, कुत्रे भुंकले, गायीला मार बसला, की ती दूध चोरते. बाईचेही शरीर असेच चालते. बाळ जवळ असले, त्याचा वास आला, रडणे ऐकले की पान्हा फुटतो. धास्ती, दुखणे, लाज, घाई असली की तो अडतो. मेंदूतून सुटणाऱ्या एका संप्रेरकाचा हा खेळ आहे. कितीही भारी यंत्र लावले तरी पान्हा आल्याशिवाय दूध निघत नाही. सासूबाई दारात उभ्या राहून 'किती निघालं गं?' विचारत असतील, तर दूध निघणार कसे?

दुसरी गोष्टही गोठ्यातलीच. धार पूर्ण काढली नाही, दोन-चार वेळा चुकवली, की जनावर आटते. आईचेही तेच. जेवढे दूध बाहेर जाते तेवढे नवे तयार होते. साठून राहिले की शरीर समजते, गरज कमी झाली. म्हणून 'आता साठू दे, रात्री एकदम काढू' हा हिशेब उलटा बसतो. आणि साठलेल्या दुधाने जशी जनावराला दगडी होते, तशीच बाईलाही स्तनदाहाची व्याधी होऊ शकते.

पहिला पंप म्हणजे आपला हात

हाताने दूध काढायला पैसे लागत नाहीत, वीज लागत नाही, उकळायला सुटे भाग नसतात. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत तर हातच सर्वांत चांगला. त्या वेळी येणारा पिवळसर घट्ट चीक थेंबाथेंबाने येतो. पंपात तो नळीला चिकटून वाया जातो, हाताने मात्र चमच्यात धरता येतो. चमचाभर आला तरी तो त्या वयाच्या बाळाला मोलाचा आहे. तो 'जड असतो' म्हणून पिळून टाकायची रीत काही घरांत अजून आहे. ती सोडा.

रीत अशी. साबणाने हात कोपरापर्यंत धुवावेत. शेतात फवारणी झाली असेल तर अंघोळ करून कपडे बदलावेत. खरे तर पाजणाऱ्या आईने फवारणीच्या कामाला जाऊच नये. उकळून घेतलेले रुंद तोंडाचे भांडे समोर ठेवावे. कोमट पाण्याच्या फडक्याने छाती हलकेच शेकावी. मग अंगठा वर आणि दोन बोटे खाली, स्तनाग्रापासून साधारण इंच-दीड इंच मागे ठेवावीत. आधी छातीकडे आत दाबावे, मग अंगठा व बोटे एकमेकांकडे दाबून सोडावे. दाबा, सोडा, दाबा, सोडा. कातडीवर बोटे घासू नयेत आणि स्तनाग्र ओढू नये, कारण दूध मागच्या भागातून येते. बोटांची जागा गोल फिरवत न्यावी. एका बाजूला तीन ते पाच मिनिटे, मग दुसरी बाजू, पुन्हा पहिली. सगळे मिळून वीस ते तीस मिनिटे लागतात. पहिल्या दिवशी दोन चमचे निघाले तरी हिरमुसू नये. आठवडाभरात हात बसतो.

ही रीत आशाताई आणि उपकेंद्रातल्या सिस्टर समोर बसून दाखवतात. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर आशाताईंची घरभेट तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ठरलेली असते. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात घरी जाऊन नवजात बाळ वाचवता येते हे दाखवून दिले, त्यातूनच पुढे या भेटींची पद्धत आली. ताई आली की तिला ओट्यावरून चहा पाजून परत पाठवू नका. आत जाऊ द्या, बाळंतिणीशी एकटीने बोलू द्या.

बाजारात काय मिळते?

रबरी फुग्याचा पंप : जुन्या सायकलच्या भोंग्यासारखा. स्वस्त म्हणून हाच जास्त खपतो. याचा फुगा आतून नीट धुता येत नाही, दूध फुग्यात जाऊन नासते आणि ओढ किती बसते यावर ताबा राहत नाही. दूध बाळाला द्यायचे असेल तर हा पंप घेऊ नका.

दांड्याचा हातपंप : मूठ दाबली की ओढ, सोडली की विसावा. ओढ बाईच्या हातात राहते. सुटे भाग काढून उकळता येतात, वीज लागत नाही. दिवसातून एक-दोनदा दूध काढायचे असेल तर हा पुरतो. चांगल्या बनावटीचा काहीशे ते दोन-अडीच हजार रुपयांत मिळतो. मनगट दुखते, हा त्याचा दोष. मजुरीने आधीच हात भरून आलेल्या बाईला तो जड जाऊ शकतो.

विजेचा किंवा बॅटरीचा पंप : एका बाजूचा आणि दोन्ही बाजूंचा अशा दोन तऱ्हा. रोज नोकरीवर जाणाऱ्या आणि दोन-तीनदा दूध काढावे लागणाऱ्या आईला याचा उपयोग. दोन्ही बाजूंचा असेल तर वेळ जवळजवळ निम्मा लागतो. साधा दीड-दोन हजारांपासून मिळतो, भारी दहा हजारांच्याही वर जातो. झग्यात दिसू नये असे अंतर्वस्त्रात बसणारे पंपही निघाले आहेत. पण ते महाग, आणि त्यांचे बारीक भाग धुणे किचकट.

दवाखान्याचा मोठा पंप : अनेक मातांनी वापरावा म्हणूनच बनवलेला. यात दूध मोटरकडे जात नाही आणि प्रत्येक आईला आपले वेगळे नरसाळे व नळी लागते. बाळ काचेत असेल तर विकत घ्यायची घाई करण्याआधी तिथल्या सिस्टरना विचारा, 'विभागात पंप आहे का?' काही मोठ्या रुग्णालयांत मातृदुग्ध पेढीही असते. आशियातली अशी पहिली पेढी १९८९ साली मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली.

काचेतल्या बाळाच्या आईने मात्र एक गोष्ट पक्की धरावी. जन्मानंतर शक्य तितक्या लवकर, पहिल्या सहा तासांच्या आत दूध काढायला सुरुवात करावी आणि चोवीस तासांत आठ वेळा तरी काढावे. त्यात रात्रीची एक वेळ धरावीच, कारण दूध तयार करणारे संप्रेरक रात्री जास्त असते. अशा आईला दोन्ही बाजूंचा विजेचा पंप मिळाला तर खरोखर मदत होते. नसेल तर हाताने, पण वेळ चुकवू नये.

घेताना काय पाहावे?

१) नरसाळ्याचे माप : सर्वांत जास्त चूक इथे होते. पंपाचे नरसाळे २१, २४, २७-२८ मिलीमीटर अशा मापांत येते. डब्यात बहुधा २४ चे असते. ओढ बसताना स्तनाग्र मधोमध मोकळे हलले पाहिजे. ते कडेला घासत असेल तर माप लहान. भोवतीचा काळसर भाग बराच आत ओढला जात असेल तर माप मोठे. दुसऱ्या मापाचे नरसाळे सुटे मिळते का, हे आधी विचारा. बूट पायाला चावतो म्हणून आपण पायाला दोष देत नाही.

२) ओढ : बाळ आधी भराभर चोखते, पान्हा आला की सावकाश आणि खोल ओढते. चांगल्या विजेच्या पंपात अशा दोन चाली असतात आणि ओढ कमी-जास्त करता येते. डब्यावर मोठा आकडा बघून भुलू नका. ज्या ओढीला दुखत नाही तीच योग्य. धार काढायचे यंत्र वापरणाऱ्यांना हे पटेल. त्यातही ओढ आणि विसावा यांचा ताल बिघडला की सड सुजतात.

३) व्हॉल्व्ह : विहिरीतला फूट व्हॉल्व्ह गळका असेल तर मोटर कितीही फिरली तरी पाणी चढत नाही. या पंपातही रबराचा छोटा व्हॉल्व्ह असतो. तो फाटला की ओढ जाते आणि बाईला वाटते, दूध आटले. जास्तीचा व्हॉल्व्ह मिळेल असाच पंप घ्या.

४) वीज : गावात भारनियमन असेल तर फक्त प्लगवर चालणारा पंप घेऊ नका. बॅटरीवर किंवा मोबाईलच्या चार्जरवर चालणारा घ्या आणि हाताची रीतही शिकून ठेवा.

५) धुण्याची सोय : दुकानातच सगळे भाग सुटे करून पाहा. जिथे घासणी पोचत नाही, तिथे दूध नासणार. प्रत्येक वेळी दुधाला लागलेले भाग स्वच्छ पाण्याने व साबणाने वेगळ्या भांड्यात धुवावेत, दिवसातून एकदा पाच ते दहा मिनिटे उकळावेत आणि स्वच्छ फडक्यावर उघडे वाळू द्यावेत. मोरीत ठेवू नयेत.

६) दुसरीचा पंप : 'जावेचा पडूनच आहे की!' असे म्हणून तो घेऊ नका. घरगुती पंपाच्या आतल्या भागात दूध शिरलेले असते, ते उकळूनही निघत नाही. एका आईचा रोग दुसरीच्या बाळाकडे जाऊ शकतो. पाळणा उसना घ्यावा, पंप नाही.

७) पावती : पावती व वॉरंटी कार्ड घ्या. उघडलेला पंप दुकानदार परत घेत नाही, म्हणून माप आणि सुटे भाग यांची चौकशी आधीच करा.

आणखी एक. पंपात किती आले यावरून आईला किती दूध आहे हे ठरत नाही. बाळ पंपापेक्षा चांगले ओढते. एका वेळी वाटीभर निघालेच पाहिजे असे नाही.

दूध ठेवायचे कसे?

महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला साधारण ताशी तीस मिलीलीटर दूध लागते. आई आठ तास बाहेर असेल तर अडीचशे मिलीलीटरच्या आसपास लागेल असा अंदाज धरा. ते लहान लहान, झाकणाच्या, उकळलेल्या स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यांत, एका वेळेपुरते भरून ठेवा. वर वेळ लिहा.

पारा पंचवीस अंशांच्या आत असेल तर काढलेले दूध चार तास बाहेर टिकते. पण आपला एप्रिल-मे तसा नसतो. ऊन चाळिशीला गेले की हे तास धरू नका. लगेच पाजा किंवा बर्फात ठेवा. लसीच्या डब्यासारख्या बर्फाच्या पिशव्या असलेल्या डब्यात, बर्फ टिकला तर, दिवसभर राहते. फ्रीजमध्ये चार दिवस टिकते असे सांगतात, ते वीज अखंड असेल आणि फ्रीज सारखा उघडत नसेल तर. आपल्याकडे एका दिवसाचा नेम ठेवा. फ्रीजच्या दारात ठेवू नका, आत मागच्या बाजूला ठेवा.

देताना भांडे कोमट पाण्यात धरा. दूध गॅसवर तापवू नका, उकळू नका. वर साय आल्यासारखे दिसले तर नासले असे समजू नका. भांडे हलकेच फिरवले की मिसळते. बाळाने उष्टे सोडलेले दूध दोन तासांनंतर वापरू नये.

आणि पाजायचे कशाने? वाटी-चमच्याने किंवा आपल्या जुन्या बोंडल्याने. पंपाच्या डब्यात बहुधा बाटली आणि निपल येते, म्हणून ती वापरलीच पाहिजे असे नाही. बाटली नीट साफ राहत नाही, हगवण होते, आणि बाटलीची सवय लागलेले बाळ कधी कधी अंगावर घेईनासे होते. आजीला वाटी-चमचा जमतो, तिला फक्त धीर धरायला सांगा. बाळाला उठते बसते धरून, चमचा ओठाला लावून, त्याचे त्याला घेऊ द्यावे. घशात ओतू नये.

छाती लाल होऊन ताप आला तर दूध काढणे किंवा पाजणे थांबवू नका आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

गावाने काय करावे?

आता सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि सदस्यांसाठी. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. तो मार्चअखेर कसा संपतो, हे आपण सगळे जाणतो. उद्या कुणी विक्रेता येऊन 'पन्नास पंप घ्या, वाटप करू, फोटो काढू' म्हणाला तर भुलू नका. एकतर एका मापाचा पंप पन्नास जणींना बसत नाही. दुसरे म्हणजे, १९९२ च्या कायद्याने बाळाच्या दुधाच्या बाटल्या आणि पावडरचे दूध यांच्या जाहिरातीला बंदी आहे आणि त्यांचे मोफत वाटपही करता येत नाही, अपवाद अनाथालयांचा. पंपाच्या डब्यात बाटली असेल तर वाटप करणारी पंचायतच अडचणीत येईल.

त्यापेक्षा ग्रामपंचायत कार्यालयात, आठवडी बाजाराच्या जागी किंवा उपकेंद्रात एक खोली करा. आतून कडी, एक पाठ टेकायची खुर्ची, हात धुवायला नळ व साबण, दिवा-पंखा. एस.टी. स्टँडवर हिरकणी कक्ष असतो, तसाच. बाळासाठी रायगडाचा कडा उतरणाऱ्या गवळणीचे नाव त्याला दिले आहे. तुमच्या स्टँडवरचा कक्ष उघडा असतो की त्यात झाडू आणि मोडके बाक ठेवले आहेत, हेही एकदा पाहून या.

कामाच्या जागेचा प्रश्न याहून मोठा आहे. कारखान्यात आणि दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत, मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आईला दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी सुटी द्यावी, असे १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात होते. सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद ठेवली आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने, कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले आली तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरी देऊन नेमावे असे लिहून ठेवले होते. कागदावरच्या या गोष्टी किती फडांवर, किती साइटवर दिसल्या, हे वाचकांनीच आठवावे.

ऊसतोडीला गेलेल्या बाईचा विचार करा. पहाटे कोयता हातात, खाडा झाला तर पैसे कापले जातात, राहायला खोपी, स्वच्छ पाणी लांब आणि वीज नाही. तिच्या हातात पंप देणे म्हणजे थट्टाच. पंप उकळणार कुठे आणि दूध ठेवणार कशात? तिला बाळ फडाजवळ सावलीत, सांभाळणाऱ्या माणसासह हवे, आणि दर दोन-तीन तासांनी पाजायला पंधरा मिनिटे हवीत. हे मुकादमाच्या आणि बागायतदाराच्या हातात आहे, त्याला शासनाचा आदेश यायची गरज नाही. आपल्या शेतात खुरपायला येणाऱ्या बाईलाही हाच नियम लावा. पंधरा मिनिटांत तुमची पात मागे पडणार नाही.

दरवर्षी १ ते ७ ऑगस्ट हा स्तनपान सप्ताह असतो. अंगणवाडीत तक्ते लागतात, बायकांना भाषण होते. येत्या ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय पुरुषांसमोर घ्या. दोनच प्रश्न विचारा : गावात आज किती पाजणाऱ्या आया कामावर जातात, आणि त्या दूध कुठे बसून काढतात किंवा पाजतात? उत्तर आशाताईंच्या वहीत आहे. त्यावरून किती जणींना पंप लागेल, किती जणींना नुसती सावली आणि वेळ लागेल, हे तिथेच कळेल.